जिथं बधिर नव्हतं

दोघांना एकाच गाडीतून आणलं, तिथंच पहिली चूक झाली. दुसरी रुग्णवाहिका दुरुस्तीला गेली होती. ड्रायव्हरने एकाला स्ट्रेचरवर घातलं, दुसऱ्याला शेजारच्या बाकावर आडवं केलं आणि भोंगा वाजवत निघाला. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा आतून नुसता शिव्यांचा भडिमार ऐकू येत होता. वॉर्डबॉयने दार उघडलं तर बाकावरचा माणूस स्ट्रेचरवरच्याला लाथा घालतोय. स्ट्रेचरवरच्याच्या पोटातून आतड्याचा एक वेढा बाहेर आला होता. तो त्याने एका हाताने शर्टात गुंडाळून धरला होता आणि दुसऱ्या हाताने लाथ घालणाऱ्याचा घोटा पिरगाळत होता.

बाकावरचा होता सुतार. फर्निचरच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली बरीच माणसं होती आणि लहानथोर सगळे त्याला मिस्त्री म्हणत. स्ट्रेचरवरचा त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला बारक्या हे नाव पाळण्यात पडलं, आणि पुढे दारातून वाकून शिरावं लागेल एवढा थोराड होऊनही ते सुटलं नाही. मालाच्या गाड्या भरायचं काम करायचा.

झालं ते कारखान्यातल्या सगळ्यांसमोर. बारक्या भर कामाच्या वेळी आत शिरला, मिस्त्रीची मानगूट धरली आणि त्याचं तोंड कामाच्या मेजावर आपटलं. दुसऱ्यांदा आपटायच्या आत मिस्त्रीच्या हाताला लाकूड कोरायची पटाशी लागली. ती त्याने बारक्याच्या पोटात मुठीपर्यंत खुपसली. बारक्याने खाली पाहिलं. मग ती पटाशी स्वतःच्या पोटातून ओढून काढली, म्हणाला, "तुमची वस्तू, दाजी," आणि मिस्त्रीच्या पोटात घातली.

पटाशी आत राहिली असती तर एवढं रक्त गेलं नसतं. ओढून काढली म्हणून बारक्या मरणाच्या दारात गेला. मिस्त्रीचं मात्र एवढ्याशा भोकावर निभावलं.

दवाखान्यात भूल द्यायला जी डॉक्टर होती तिला सगळे भूलबाई म्हणत. पन्नाशीला टेकलेली, बुटकी, बारीक चणीची बाई. थिएटरात स्टुलावर उभी राहून काम करायची. "आपलं काम भूल द्यायचं, भूल करायचं नाही," हा तिचा आवडता विनोद. तो ऐकून ऐकून नर्सा कंटाळल्या होत्या, तरी हसायच्या.

त्या वर्षभर तिचं आणि सर्जनचं एकाच गोष्टीवरून वाजत होतं. आतड्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाचं पोट छातीपासून खालपर्यंत उघडलेलं असतं. शुद्ध आल्यावर त्याला खोकता येत नाही, कूस बदलता येत नाही, श्वाससुद्धा चोरून घ्यावा लागतो. मग त्याचं दुखणं मारायचं कसं? भूलबाईचा भर पाठीतल्या नळीवर. मणक्यांच्या मधून केसासारखी बारीक नळी आत सरकवायची आणि थेंबथेंब औषध सोडत राहायचं. छातीच्या खालचं सगळं बधिर. आतडंही गप्प, कातडीही गप्प. पण कधी रक्तदाब घसरतो, कधी पाय जड होतात आणि माणूस खाटेला खिळतो.

सर्जनला आवडायची पोटाच्या भिंतीतली इंजेक्शनं. सोनोग्राफीच्या मशीनवर बघत बघत दोन्ही कुशींत स्नायूंच्या थरांमध्ये औषध भरायचं. टाके दुखत नाहीत, पाय मोकळे राहतात, दुसऱ्या दिवशी माणूस उठून चालतो.

"चालतो खरा," भूलबाई म्हणायची, "पण आतून पिळवटतं त्याचं काय? भिंत झोपवलीत, घरातली माणसं जागी आहेत."

"अहो बाई, चालला की आतडी लवकर जागी होतात."

"तुमच्या पोटात सुरी घाला, मग चालून दाखवा."

असं त्यांचं चालायचं. त्या दिवशी मात्र वादाला जागाच नव्हती. बारक्याला आधी घेतलं. पोट उघडलं तर आत रक्ताचं डबकं साचलेलं. सर्जनचे हात कोपरापर्यंत लाल झाले. आतडं कापावं लागलं, जोडावं लागलं, वरून पिशव्यांमागून पिशव्या रक्त चढवलं. एकदा तर मॉनिटरवरची रेघ अशी काही वाकडी झाली की भूलबाई स्टुलावरून उतरून त्याच्या छातीवर दाब द्यायला सज्ज झाली होती. वाचला. पण रक्त गोठेनासं झालं होतं. अशा माणसाच्या पाठीत सुई घातली आणि आत रक्त साचलं तर पाय कायमचे जातात. म्हणून त्याला पोटाच्या भिंतीतली इंजेक्शनं दिली.

मिस्त्रीचं सगळंच सोपं होतं. रक्तदाब ठीक, रक्त ठीक. पाठीत नळी घालायची तर कमान करून बसावं लागतं. पोटाला भोक पडलेला तो माणूस हूं की चूं न करता बसला.

"हलायचं नाही हं. आता टोचतेय," भूलबाई म्हणाली. टोचण्याआधी सांगायची तिची पद्धतच होती.

"टोचा. तुमचा हात हलका आहे, डॉक्टरबाई," मिस्त्री म्हणाला. "आम्ही हातावरून माणूस ओळखतो."

त्याच्या नाकाचं हाड मोडलं होतं, तोंड सुजलं होतं, तरी बोलणं मऊ होतं. "माझ्या मेहुण्यावर राग धरू नका," असंही म्हणाला. "डोक्याने जरा कमी आहे. वाचेल ना तो?"

भूलबाईला भरून आलं. एवढं होऊनही मेहुण्याची काळजी करणारा माणूस, असं तिला वाटलं. तिने नळी नीट बसवली, चिकटपट्ट्या लावून पाठीवरून खांद्यापर्यंत आणली आणि औषधाचा पंप जोडला. मग सर्जनने त्याचंही पोट उघडून आतलं भोक शिवलं.

रिकव्हरीची खोली एकच. मॉनिटर तिथंच, ऑक्सिजन तिथंच. मोठ्या सिस्टरने दोघांच्या मधे पडदा ओढला आणि दाराशी एक पोलीस खुर्ची टाकून बसला. ही दुसरी चूक, पण ती चूक आहे हे सगळ्यांना ठाऊक असूनच केली. वेगळ्या खोलीत जागा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होणार नव्हती.

सकाळी भूलबाई पाहायला आली. आधी मिस्त्रीकडे गेली.

"किती दुखतंय? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही."

"दुखतच नाही." मिस्त्रीने पांघरुणावरून पोटावर थाप मारली. थिएटरातून आलेल्या माणसाला असं करताना तिने पाहिलं नव्हतं. "लाकडावर मारल्यासारखं वाटतंय. पाय मात्र कुठे गेले कळत नाही."

तिने पाय उचलायला सांगितलं. टाच गादीवरून हलली नाही. नळी तिच्या अंदाजापेक्षा खाली बसली होती आणि औषधही जरा जास्तच होत होतं. पंप कमी करायला हवा, असं मनात नोंदवून ती पडद्याच्या पलीकडे गेली.

बारक्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"टाके दुखतायत?"

"टाके नाही. आत. आत कोणी धुणं पिळतंय."

"सलाइनमधून औषध देते. थोडी झोप येईल."

"नको."

"अरे, दुखणं अंगावर काढायचं काही बक्षीस नाही."

"झोप नको," बारक्या म्हणाला. बोलताना त्याचे डोळे पडद्यावर होते. "तो जागा आहे ना? मग मला झोप नको."

तिने सर्जनकरवी सांगून पाहिलं, मोठ्या सिस्टरकरवी सांगून पाहिलं. बारक्या काही ऐकेना. दुखण्याचा झटका आला की खाटेची कड धरायचा, जबडा आवळायचा आणि पडद्याकडे बघत राहायचा. झटका ओसरला की पायाची बोटं हलवायचा, उगीच, मोजल्यासारखी.

त्यानंतर त्याची बहीण आली. मिस्त्रीची बायको. अंगावर पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, पदर गळ्याभोवती घट्ट. दोन खाटांच्या मधे, पडद्याच्या टोकाशी, कोणाकडे आधी जावं हे न कळून ती उभी राहिली. मोठ्या सिस्टरने तिच्या हातात ओला कापूस दिला. "भावाचे ओठ ओले कर. पाणी प्यायला द्यायचं नाही."

भूलबाई सिंकपाशी हात धूत होती. आरशात तिला ती बाई दिसली आणि तिचे हात थांबले. ही बाई श्वास अर्धाच घेत होती. घ्यायची, अडायची, सोडायची. वाकली ती कमरेतून नाही, सबंध अंगाने, उभा बांबू कलंडावा तशी. पोट किंवा छाती फाटलेली माणसं असं वागतात. जन्मभर भूलबाईने दुसरं काही पाहिलं नव्हतं.

"बाई, जरा इकडे या माझ्याबरोबर."

ड्रेसिंगच्या खोलीत दार लावून तिने बहिणीच्या बरगडीवर दोन बोटं टेकवली. बहिणीने किंकाळी गिळली. आत कडकन वाजल्यासारखं बोटांना जाणवलं.

"किती दिवस झाले?"

"परवाचं आहे."

"कशाने?"

"लाकडी हातोडा." बहीण खिडकीकडे बघत होती. "त्यांना येतं ते. कारखान्यात सांधा बसवताना ठोकतात ना, तसं. तुटेल एवढं नाही. या खेपेला जरा जोरात बसलं."

भूलबाईने ब्लाउजची पाठ वर केली. पाठीवर मोकळी जागा नव्हती. जुने डाग पिवळे, त्यावर हिरवे, त्यावर काळेनिळे, आणि सगळे अंतर राखून मारलेले. हातोड्याचा घाव कुठे बसावा याचा अंदाज असलेल्या माणसाचं काम.

"बारक्याने पाहिलं?"

"मी सांगितलं नव्हतं. मिठी मारली त्याने, सहज, दारात. मी ओरडले." तिने अर्धा श्वास घेतला. "डॉक्टरबाई, यांना खरंच काही कळत नाही? पोटाला?"

"नाही."

"आणि बारक्याला?"

"त्याला कळतंय."

"असं का केलंत?"

भूलबाईने समजावून सांगितलं. रक्त गेलं, गोठत नव्हतं, पाठीत सुई घालणं धोक्याचं होतं. सांगताना तिला स्वतःचाच आवाज वकिलासारखा वाटला. शब्द सगळे खरे होते. बहिणीने मान डोलावली आणि ब्लाउज खाली ओढला.

"तुमच्या बरगड्यांनाही असं इंजेक्शन देता येतं," भूलबाई म्हणाली. "दुपारी देते. श्वास तरी मोकळा होईल."

"आधी त्याचं बघा."

भूलबाई मिस्त्रीच्या खाटेपाशी आली ती पंप कमी करायला. तो डोळे मिटून पडला होता. बोटं पांघरुणावर ठेका धरत होती; लांब, गाठीगाठींची, नखांत डिंकाचे डाग. पंप कमी केला की पाय परत येतील. तिने बटणावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. राहू देत मेलेले, तिच्या मनात आलं. संध्याकाळी तो दुसऱ्या खोलीत जाईल, मग बघू. एका डॉक्टरने असा विचार करू नये हे तिला कळत होतं. तिने केला. पायांचा विचार केला आणि हातांचा केला नाही.

दुपारी पोलीस चहा आणायला म्हणून कोपऱ्यापर्यंत गेला. मोठ्या सिस्टर शेजारच्या वॉर्डात. भूलबाई कपाटापाशी सुया काढत होती. बहीण बारक्याचे ओठ ओले करत होती.

"ऐकलंस का," पडद्यामागून मिस्त्री म्हणाला. आवाज अगदी घरातला. "उशी सरकली. सरळ कर जरा."

इतक्या वर्षांची सवय. बारक्या "ताई, नको" म्हणेपर्यंत बहीण पडदा ओलांडून गेली होती.

भूलबाईला आधी ऐकू आला तो फक्त स्टँड पडल्याचा आवाज. वळून बघते तो मिस्त्री खाटेवर अर्धा उठून बसलेला. ताजं शिवलेलं पोट घेऊन कोणी असं उठत नाही; दुखणं त्याला उठूच देत नाही. मिस्त्रीला अडवायला दुखणं नव्हतं. त्याने बायकोचे केस मुठीत धरून तिला छातीवर पाडलं होतं आणि मॉनिटरची वायर तिच्या गळ्याभोवती दोनदा फिरवून दोन्ही मुठींनी ताणत होता.

"भावाला सांगतेस?" तो हळूच म्हणत होता. "घरातलं बाहेर सांगतेस?"

बहिणीच्या टाचा फरशीवर घसटत होत्या. तोंडातून घरघर येत होती.

भूलबाई धावली. तिने त्याचं मनगट धरलं आणि त्याने मान न वळवता कोपर मागे मारलं. ते थेट तिच्या तोंडावर बसलं. ती सिंकवर आदळली, खाली पडली. जिभेला दाताचा तुकडा लागला. ओरडायला गेली तर तोंडातून रक्तच आलं.

तेवढ्यात पडदा वरच्या दांडीसकट खाली आला आणि त्यातून बारक्या आला. पायांवर. नाकातली नळी, हातातली सलाइन, पोटातली पाणी काढायची नळी, सगळं उपटून. कुशींतून रक्त गळत होतं. सर्जन ज्यासाठी भांडायचा ते मोकळे पाय त्याला खाटेपर्यंत घेऊन आले. त्याने मिस्त्रीच्या तोंडावर बुक्की मारली. मोडलेलं नाक पुन्हा मोडलं. मिस्त्रीने वायर सोडली नाही. बारक्याने पांघरूण फाडून टाकलं आणि पूर्ण ताकदीने मिस्त्रीच्या ताज्या टाक्यांवर मूठ हाणली. एकदा, पुन्हा, पुन्हा. पट्टीतून रक्त उडालं. कोणताही माणूस त्या घावाने बेशुद्ध पडला असता.

मिस्त्री हसला. दातांत रक्त होतं.

"दुखत नाही रे, बारक्या," तो म्हणाला. "मार. कळतच नाही मला."

बारक्याने चौथ्यांदा हात उगारला आणि त्याच्याच पोटात काहीतरी फाटल्याचा आवाज झाला, ओलं कापड टरकावं तसा. त्याने हात खाली घेतला, दोन्ही तळव्यांनी पोट दाबलं आणि गुडघ्यांवर बसला. बोटांच्या फटीतून गुलाबी वेढे बाहेर येऊ लागले. "ताई," तो म्हणाला, आणि उठायला बघत राहिला.

बहिणीच्या टाचा आता हलत नव्हत्या.

भूलबाई उठली. तिच्या डोक्यात त्या वेळी ना भीती होती ना राग. पुढे तिने हे चौकशीत सांगितलं, आणि कोणाला पटलं नाही. तिच्यासमोर त्या माणसाचं शरीर एखाद्या नकाशासारखं उघडं होतं. नळी तिनेच बसवली होती. स्तनाग्रांच्या खालपासून पावलांपर्यंत काही नाही. तिथं मारून उपयोग नव्हता, बारक्याने नाहक जीव धोक्यात घातला होता. खांदे जागे होते. हात जागे होते. बोटं तर पूर्ण जागी.

तिने त्याच्या उजव्या हाताची करंगळी दोन्ही हातांनी धरली आणि मागे वाकवली. सांध्याची हद्द आली तरी ती थांबली नाही. हाड मोडलं.

मिस्त्री असा ओरडला की कोपऱ्यावरच्या पोलिसाच्या हातातला चहा सांडला. तरी मुठी सुटल्या नव्हत्या. भूलबाईने शेजारचं बोट धरलं.

"सोड," ती म्हणाली. ओठ फाटल्यामुळे शब्द नीट फुटला नाही. त्याने सोडलं नाही. तिने तेही मोडलं.

मग वायर सुटली.

बहीण जमिनीवर पडली, आणि काही क्षण काहीच झालं नाही. मग तिने श्वास ओढला. मोडलेल्या बरगड्यांतून ओढलेला, कुत्रं विव्हळावं तसा. पोलीस आत आला, मोठ्या सिस्टर आल्या, सर्जन धावत आला. मिस्त्री आपला हात छातीशी धरून लहान मुलासारखा रडत होता. "माझी बोटं," म्हणत होता. "माझा कामाचा हात."

बारक्याला ओल्या टॉवेलमध्ये आतडी गुंडाळून परत थिएटरात नेलं. सर्जनने भूलबाईकडे बघितलं. "तुम्ही बसा. आधी ओठ शिवून घ्या."

"दुसरं कोण आहे भूल द्यायला?"

दुसरं कोणी नव्हतं. तोंडात कापूस कोंबून ती स्टुलावर चढली. सगळे टाके सुटले होते, पण आतला जोड टिकला होता. सर्जनने पोट धुतलं, जाड दोऱ्याने पुन्हा शिवलं. सकाळच्या तपासणीत रक्त ताळ्यावर आलेलं होतं. शुद्ध येऊ लागली तसं कुशीवर वळवून तिने त्याच्या पाठीत नळी घातली. सर्जन बारक्याचे खांदे धरून उभा राहिला.

मिस्त्रीची नळी मात्र झटापटीत उपटली गेली होती. टोक शाबूत निघालं एवढं बरं. त्याचीही पट्टी सोडून पाहिली. टाके फाटले नव्हते, फक्त रक्त आलं होतं. त्याला दुसऱ्या खोलीत नेऊन डावा हात खाटेला बेडीने बांधला, उजव्या हाताला प्लास्टर घातलं. औषध उतरायला लागलं आणि पोट जागं झालं. बारक्याच्या सगळ्या बुक्क्या आता त्याला उशिरा लागत होत्या. त्याचं ओरडणं जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.

भूलबाई सोनोग्राफीचं मशीन घेऊन त्याच्या दाराशी आली आणि थांबली. आतून आवाज येत होता, "कोणीतरी या हो, कोणीतरी या." ती ऐकत उभी राहिली. किती वेळ, ते तिला नंतर आठवेना. दारावरचा पोलीस दुसरीकडे बघत होता.

मग ती आत गेली. तिला पाहताच मिस्त्री गप्प झाला. भीतीने. त्याने प्लास्टरचा हात पांघरुणाखाली लपवला.

तिने त्याची कूस पुसली, मशीन लावलं, थर शोधले. औषध जिथं जायला हवं तिथंच गेलं, थेंबही इकडेतिकडे नाही. मग दुसरी कूस. फक्त "आता टोचतेय" एवढं ती म्हणाली नाही.

बाहेर बाकावर बहीण बसली होती. गळ्याभोवती वायरीचा काळा वळ, आवाज पार बसलेला. तिच्यासमोर पोलिसांचा साहेब उभा होता.

"त्याची दोन बोटं मोडलीत. कोणी मोडली?"

"मी," बहीण म्हणाली.

"ती काय मोडणार, तिच्या गळ्याला फास होता," भूलबाई म्हणाली. "मी मोडली."

"नाही साहेब, मीच."

साहेबाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. एकीला धड बोलता येत नव्हतं, दुसरीला ओठ मिटता येत नव्हते. "तुम्ही दोघी आधी आपसात ठरवा," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. पण भूलबाईने काही ठरवू दिलं नाही. पहिलं बोट कसं धरलं, दुसरं का धरलं, सगळं सांगितलं. पंप कमी केला नाही हेही सांगितलं, जे कोणी विचारलं नव्हतं.

पुढे चौकशी बसली. तिला घरी बसवलं, मग परत बोलावलं. कामावर असतानाही काहीजण तिच्या हातांकडे बघायचे. खटल्यात बहिणीने भर कोर्टात ब्लाउजची बाही कोपरावर सारून व्रण दाखवले. मिस्त्री तुरुंगात गेला. बारक्यालाही शिक्षा झाली, कमी. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी बारक्या पुरता शुद्धीवर आला तेव्हा भूलबाई त्याच्या उशाशी होती. त्याने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे, घाबरल्यासारखं.

"पिळत नाही आता," तो म्हणाला.

"पाठीत नळी आहे. पाय जड वाटतील."

"ताई?"

"बाहेर झोपलीय. तिच्या बरगड्यांना इंजेक्शन दिलं, तशी बसल्या बसल्याच झोपली. उठवू?"

"नको, नको. झोपू दे. आणि तो? मेला?"

"नाही."

"दुखतंय त्याला?"

भूलबाईला खोटं बोलता आलं असतं. "दुखत होतं," ती म्हणाली. "आता नाही."

"औषध कोणी दिलं?"

"मी."

बारक्याने तोंड फिरवलं. त्याचा जबडा हलत होता. ती उठून जाणार होती, पण पंपाचा आकडा एकदा बघायचा राहिला होता म्हणून थांबली. तो वाचत असताना बारक्या भिंतीकडे बघतच म्हणाला, "बोटंसुद्धा तुम्हीच मोडली म्हणे. सिस्टर सांगत होत्या."

"हो."

"आधी मोडायची, मग औषध द्यायचं. तुमचं काही कळत नाही बुवा, डॉक्टरबाई."

"मलाही नाही," भूलबाई म्हणाली, आणि त्याला पाय उचलून दाखवायला सांगितलं. उजवा थोडासा उचलला गेला. तिने पंप किंचित कमी केला.